नोकरीचा करार आणि उच्च न्यायालयाची मर्यादा

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीवरून कमी केल्याचे पत्र हाती पडले की आपल्या इंदूरमध्ये बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयाकडे आदेश मागणारी याचिका, दाखल करण्याचा. उच्च न्यायालयाचे खंडपीठ एम. जी. रोडवरच आहे आणि त्यासाठी मुख्य पीठ असलेल्या जबलपूरला जावे लागत नाही, त्यामुळे हा मार्ग जवळचा वाटतो. मात्र काही वर्षे तारखा पडत राहिल्यावर, ‘ही याचिका चालण्याजोगी नाही’ एवढ्याच कारणावरून ती निकालात निघते, तेव्हा त्या माणसाचे वयही पुढे गेलेले असते आणि दुसऱ्या न्यायालयात जाण्याची मुदतही बहुधा टळून गेलेली असते. वकिली करताना हे पुन्हा पुन्हा पाहिल्यामुळे, नोकरीच्या वादात उच्च न्यायालय कुठवर लक्ष घालू शकते, हे आज मला सविस्तर सांगायचे आहे.

नोकरी हा व्यक्तिगत सेवेचा करार आहे, आणि असा करार न्यायालय सहसा सक्तीने पाळायला लावत नाही. मालकाने तो मोडला तर नुकसानभरपाई मिळते, पण नोकरी परत मिळत नाही. या नियमाला तीन अपवाद आहेत, आणि वैश डिग्री कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचे, संरक्षण असलेला सरकारी नोकर, औद्योगिक कायद्याखाली येणारा कामगार, आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेने त्याच कायद्यातील बंधनकारक तरतूद मोडून काढलेला कर्मचारी, एवढ्यांनाच पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मिळू शकतो.

म्हणून अनुच्छेद २२६ खाली, म्हणजे रिटसाठी उच्च न्यायालयात, जाण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो आपला मालक कोण, हा. या बाबतीत २०२२ सालचा सेंट मेरीज एज्युकेशन सोसायटीचा निकाल प्रत्येक खासगी शाळेतील कर्मचाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे, कारण तो वाद आपल्याच इंदूर खंडपीठातून दिल्लीला गेला होता. विनाअनुदानित खासगी शाळेतील एका कार्यालयीन कर्मचाऱ्याला बडतर्फ करण्यात आले होते. त्याची याचिका चालू शकते, असे उच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मत रद्द केले. शिक्षण देणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, हे न्यायालयाने नाकारले नाही. मात्र ज्या कृतीविरुद्ध तक्रार आहे त्या कृतीचा त्या सार्वजनिक कर्तव्याशी थेट संबंध असला पाहिजे, आणि सेवाशर्तींवर कायद्याचे नियंत्रण नसेल तर तो वाद साध्या कराराचाच राहतो, असे त्याने ठरवले. शाळा केंद्रीय बोर्डाशी संलग्न आहे, एवढ्याने ही स्थिती बदलत नाही.

खासगी बँकांबाबत हीच भूमिका २००३ मध्ये फेडरल बँकेच्या खटल्यात घेतली गेली होती. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांचा अनुभव तर अधिक कठोर आहे: कंपनी सरकारी असताना त्यांनी याचिका केल्या, सुनावणी होईपर्यंत कंपनी खासगी झाली, आणि आता रिट चालणार नाही, असे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. न्यायालयातील विलंबाचा भार अशा रीतीने कर्मचाऱ्यावर पडावा, हे मला अजूनही पटत नाही.

मालक सरकार किंवा सरकारी महामंडळ असेल, तर याचिका दाखल होते. पण तेथेही उच्च न्यायालय अपील ऐकत नसते. निर्णय योग्य होता का, यापेक्षा तो योग्य रीतीने घेतला गेला का, हे ते पाहते. समजा, विभागीय चौकशीची नस्ती न्यायाधीशांपुढे आहे. आरोपपत्र नेमक्या शब्दांत दिले होते का, ज्या कागदांवर आरोप उभे आहेत त्यांच्या प्रती मिळाल्या का, साक्षीदाराची उलटतपासणी करू दिली का, आणि शिक्षेपूर्वी चौकशी अहवालाची प्रत देऊन म्हणणे मागवले का, हे पानोपानी तपासले जाते. अहवालाची प्रत देणे तर १९९३ च्या घटनापीठाच्या निकालापासून आवश्यकच आहे. मात्र दोन साक्षीदारांपैकी कोण खरे बोलला, हे न्यायालय पुन्हा ठरवत नाही. थोडाफार पुरावा असला तरी निष्कर्ष टिकतो. शिक्षेतही हस्तक्षेप होतो तो ती न्यायालयाच्या विवेकाला धक्का देणारी असेल तेव्हाच. १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी खटल्यातील ही कसोटी आजही लावली जाते.

संविदेवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, नेमलेल्यांची स्थिती आणखी नाजूक आहे. मुदत संपली की नोकरी संपते, हा सर्वसाधारण नियम. तरीही सरकारला करारातही मनमानी करता येत नाही. तीन महिन्यांची नोटीस देऊन कोणालाही काढण्याचे अनिर्बंध कलम सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात रद्द ठरवले, कारण दुबळ्या बाजूला त्या कागदावर सही करण्यावाचून पर्यायच नव्हता. पुढे २०११ मध्ये ग्रिडको या ओडिशातील सरकारी वीज कंपनीच्या निकालात, ठरावीक मुदतीवर आलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला मात्र हा आधार मिळाला नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर सही करणाऱ्याची सौदा करण्याची ताकद किती महत्त्वाची आहे, हे लक्षात येते.

पिथमपूरच्या कारखान्यातील कामगाराने रिटचा विचार करण्याआधी श्रम विभागाकडे जावे. १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११अ आले आणि पुरावा नव्याने तोलण्याचा, शिक्षा कमी करण्याचा व कामावर परत घेण्याचा अधिकार श्रम न्यायालयाला मिळाला. उच्च न्यायालयाकडेही सहसा नसलेला हा अधिकार, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत न्यायाधिकरणाकडे ठेवलेला आहे. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत मात्र आता तीनऐवजी दोन वर्षांची आहे.

खासगी शाळेतील शिक्षिकेपुढे यांपैकी काहीच उरत नाही, आणि या मर्यादेचा खरा जाच मला येथे दिसतो. शिक्षक ‘कामगार’ नाहीत, असे १९८८ मध्येच ठरले. सेंट मेरीजच्या निकालानंतर रिट मिळणे दुरापास्त झाले. दहा-बारा वर्षे शिकवलेल्या बाईंच्या नेमणूकपत्रात ‘एक महिन्याची नोटीस अथवा एक महिन्याचा पगार’ एवढीच ओळ असते, आणि दिवाणी दावा करून हाती येते ती बहुधा त्या एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम. न्यायालयांनी स्वतःला घातलेली मर्यादा मला तत्त्वतः मान्य आहे, कारण प्रत्येक शाळेचा कारभार उच्च न्यायालयाने चालवावा, असे कोणीच म्हणणार नाही. पण दुसरे दार उघडून देणे हे विधिमंडळाचे काम आहे. महाराष्ट्राने १९७७ च्या कायद्याने खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी शाळा न्यायाधिकरण स्थापन केले, आणि बडतर्फी बेकायदेशीर ठरल्यास पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याला दिला. टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठानेही अशा कर्मचाऱ्यांसाठी शिक्षण न्यायाधिकरणे असावीत, आणि ती होईपर्यंत जिल्हा न्यायाधीशांनी त्यांची अपिले ऐकावीत, असे सुचवले होते. विनाअनुदानित शाळेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला, तो कोणत्याही राज्यात असो, कामावर परत घेण्याचा अधिकार असलेले असे न्यायाधिकरण कायद्यानेच मिळाले पाहिजे, आणि ही मागणी शिक्षक संघटनांनी आमदारांपुढे लेखी ठेवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.