लसीच्या दिवशी आणखी दोन प्रश्न

नमस्कार श्रोतेहो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, पण आज आजारांबद्दल बोलणार नाही.

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला आईबाप बाळाला घेऊन येतातच. बरोबर कुणी मोठं माणूस नसतं. भाड्याची खोली, माहेर लांब, नवरा रात्रपाळीला. "डॉक्टर, दूध पुरत नाही हो," पहिलटकरीण सांगते. बाहेर रांग लागलेली असते, आणि आम्ही पावडरच्या डब्याचं नाव लिहून मोकळे होतो. माझ्या व्यवसायबंधूंना माझी कळकळीची विनंती आहे, तिथे थांबा आणि दोन गोष्टी विचारा. घरी मदतीला कोण आहे? अंगणवाडीत नाव घातलंय का?

अंगणवाडी म्हणजे खिचडी, असं कितीतरी शिकलेल्या घरांतही समजतात. पण गरोदर आणि स्तनदा मातांचा आहार, सहा महिन्यांपुढच्या बाळाचा आहार, दर महिन्याचं वजन, हे सगळं तिथेच होतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईंनी पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा घरी यायचं असतं. बाळाला छातीशी कसं धरायचं, हे त्या शेजारी बसून दाखवतात. खाजगी दवाखान्यातल्या बाळंतपणाची खबर मात्र त्यांच्यापर्यंत पुष्कळदा पोचतच नाही. ती आपण पोचवायची. "अंगणवाडीत जा" एवढं सांगून भागत नाही. आईच्या समोरच ताईंना फोन लावा, दोघींचं बोलणं करून द्या. त्यासाठी आपल्या भागातल्या सेविकांचे आणि आशाताईंचे नंबर टेबलावर हवेत.

दुसरं, लसीची नोंद फक्त आपल्या छापील फाइलवर करू नका, सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावरही करा. मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी 5000 रुपये मिळतात. त्यातला दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्याशिवाय निघत नाही. आपली एक सही राहिली, तर तिचे पैसे अडतात.

आई सारखी रडत असेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर "होईल नीट" म्हणून तिला परत पाठवू नका. वेळ काढून तिचं ऐका, मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्या. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि आयांनो, पुढच्या लसीला ते कार्ड पिशवीत टाकूनच निघा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्हीच पुढे करा.