चाचपणं आणि दाबणं

(एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागात जागतिक ब्रेल दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विभागप्रमुख सर, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रांनो, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘तंत्रज्ञान कंपन्या आणि दिव्यांग ग्राहक’. त्यात कायदा येतो, बाजार येतो, आपल्या मराठीचा प्रश्न येतो. तिन्हींवर बोलायचं कबूल केलंय आणि बोलणारही आहे. पण आधी मला वॉशिंग मशीनबद्दल बोलू द्या. तुम्ही उद्या यंत्रं बनवणारी माणसं आहात, तुमच्यासमोर हे बोलायची संधी मी सोडणार नाही.

आमच्या घरी जुनं मशीन होतं, त्याला गोल नॉब होता. फिरवला की टक, टक, टक. तीन टक म्हणजे सुती कपडे, पाच म्हणजे चादरी. मला दिसत नाही, पण त्या मशीनपुढे दिसण्याचं काही काम नव्हतं. ते मोडीत निघालं आणि आम्ही नवीन घ्यायला गेलो. दुकानातला मुलगा मोठ्या कौतुकानं म्हणाला, “मॅडम, एकदम लेटेस्ट, एकही बटण नाही!” वर गुळगुळीत काच. बोट कुठूनही कुठेही फिरवा, सगळं सारखं. इतर मॉडेलं दाखवा म्हटलं, तर मध्यम किमतीतली बहुतेक तशीच.

घेतलं. जाऊबाई म्हणाल्या, काळजी करू नका, टिकल्या लावून देते. आपल्याकडे अंध बायकांच्या घरात टिकली हे फार कामाचं साधन आहे. मायक्रोवेव्हवर टिकली, मिक्सरवर टिकली, औषधाच्या बाटलीवर टिकली. त्यांनी स्टार्टवर मोठी टिकली लावली, पाण्याच्या पातळीवर लहान, प्रोग्रामवर दोन शेजारी शेजारी. आता खरी गंमत ऐका. मोठी टिकली शोधायला मी काचेवर बोट फिरवते, तर वाटेत जे जे लागतं ते ते दाबलं जातं! पाण्याची पातळी बदलते, स्पिन बदलतो, चाइल्ड लॉक लागतं. स्टार्टपर्यंत पोचेपर्यंत मशीननं माझ्या वतीनं चार निर्णय घेतलेले असतात. आणि प्रत्येक निर्णयाला एकच सुरातलं ‘टिंग’. कुठलं टिंग कशाचं, ते समोरच्या दिव्यांकडे बघून कळतं म्हणे.

आज मला सांगायचंय ते नेमकं इथं आहे. हातानं चाचपणं आणि हातानं दाबणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. जुन्या बटणाला हे ठाऊक होतं. त्यावरून बोट फिरवलं तरी ते गप्प राहायचं, जोर दिला तरच काम करायचं. सपाट काचेनं या दोन क्रिया एक करून टाकल्या. डोळस माणसाला फरक पडला नाही, कारण तो डोळ्यांनी चाचपतो आणि बोटानं फक्त दाबतो. आमचं चाचपणंही बोटानंच असतं. ते काढून घेतलं की यंत्र आमच्यापुरतं बंद झालं.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिकडच्या मुलीनं आस्थेनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ॲप वापरा, त्यात सगळं आहे. ॲप उतरवलं, टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली पडदा वाचून दाखवणारी सोय, चालू केलं. पहिल्या चित्रावर बोट ठेवलं, आवाज आला, “अनलेबल्ड बटन”. दुसऱ्यावर, “अनलेबल्ड बटन”. पूर्ण पान तसंच. मशीनवर निदान टिकल्या होत्या. तुमच्यापैकी जे अँड्रॉइडचे प्रोजेक्ट करतात त्यांना माहीत असेल, त्या चित्राला नाव द्यायला ‘कंटेंट डिस्क्रिप्शन’ नावाची एक ओळ लागते. एक ओळ! ती कोणी लिहिली नाही म्हणून माझे कपडे कोणीतरी मोकळं होईपर्यंत बादलीत पडून राहतात.

आता कोणी म्हणेल, काच आली तिथे अंधांचं काही होऊच शकत नाही. हे म्हणणं 2007 साली आम्हालाही पटलं असतं. पहिला आयफोन आला तेव्हा त्यात बोलून दाखवण्याची सोय नव्हती. मी तेव्हा बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. माझ्या हाताखालच्या फोनवर पाच आकड्यावर उंच ठिपका होता. आजही तुमच्या घरी बटणांचा फोन असेल तर बघा. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, बाजूला चार आणि सहा. दिवसभरात शेकडो नंबर फिरवायचे, तो एक ठिपका पुरायचा. साच्यात एकदा उठवला की पुढच्या लाखो फोनांना वेगळा खर्च नाही. आमच्यात तेव्हा हीच चर्चा, की सगळे फोन काचेचे झाले तर आपली नोकरी सोडा, घरचा फोनही लावता येणार नाही.

आणि मग जून 2009 मध्ये आयफोन थ्रीजीएस आला, व्हॉइसओव्हर ही पडदा वाचून दाखवणारी सोय आत घेऊन. वेगळं काही विकत घ्यायचं नाही, प्रत्येक फोनमध्ये आहेच. त्यांनी काय केलं बघा. बोट टेकवलं की फोन फक्त सांगतो, “फोन”, “मेसेजेस”, “घड्याळ”. करत काही नाही. हवं ते सापडलं की दोनदा टकटक करा, मग उघडतं. म्हणजे चाचपणं वेगळं, दाबणं वेगळं! बटणाला जे जन्मजात येत होतं ते काचेला प्रोग्रामनं शिकवलं. अँड्रॉइडवर टॉकबॅक त्याच वर्षी आलं, पण बोट फिरवून पडदा ऐकण्याची सोय 2011 मध्ये, चौथ्या आवृत्तीत आली. तोवर बाण आणि ट्रॅकबॉल असलेले फोन शोधत फिरावं लागायचं.

इथे एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही, आणि पुण्याच्या माणसांनी तर ते घ्यायलाच हवं. टी. व्ही. रामन. वाढले पुण्यात, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली. पुणे विद्यापीठातून गणित, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल. 1994 सालचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध गणिताची सूत्रं कानाला समजतील अशी कशी वाचून दाखवावीत यावर आहे. त्या प्रणालीचं नाव ‘ॲस्टर’, त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचंच नाव. 2005 मध्ये ते गूगलमध्ये गेले. तिथे त्यांनी आणि चार्ल्स चेन यांनी काचेवर नंबर लावायची एक युक्ती काढली. काचेवर पाच कुठे आहे हे शोधूच नका. तुमचं बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तिथे पाच! तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डाव्या वरच्या कोपऱ्याकडे एक. चुकलं तर बोट उचलायच्या आधी परत फिरवा. (टाळ्या) टाळ्या वाजवा, वाजवायलाच हव्यात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. आयुष्यभर बोट पाचापर्यंत जायचं. या माणसानं पाचाला बोटापाशी आणलं.

म्हणून मला राग येतो तो असा, की काच कशी बोलती करायची हे 2009 पासून जगाला माहीत आहे आणि तरी नवीन काच मुकी येते. आता कार्ड स्वाइप करायच्या मशीनचं घ्या. पूर्वीच्या मशीनला रबरी बटणं होती, पाचावर ठिपका होता. मी पिन स्वतः दाबायचे. आता काउंटरवर मोबाइलसारखं मशीन पुढे सरकवतात. मी म्हणते, मला यावर आकडे कळत नाहीत. मुलगा म्हणतो, “मावशी, पिन सांगा, मी टाकतो.” मागे रांग उभी. ज्या बँकेत मी नोकरी केली ती बँक ग्राहकांना रोज मेसेज पाठवते, पिन कोणालाही सांगू नका. आणि माझा पिन किराणा दुकानातल्या सगळ्या रांगेला ऐकू जातो! त्या मुलाचा काही दोष नाही. तो मदतच करतोय. पण माझ्या पेन्शनचे पैसे खर्च करायला मला मदत का लागावी?

त्याच काउंटरवर शेजारी एक छोटा डबा असतो. यूपीआयनं पैसे दिले की तो मराठीत खणखणीत बोलतो, इतके रुपये मिळाले. तो काही आमच्यासाठी बनवलेला नाही. दुकानदाराला गर्दीत मोबाइल बघायला वेळ नसतो म्हणून बनवलाय. पण त्याच्यामुळे मला स्वतःच्या कानांनी कळतं की बरोबर रक्कम गेली. आज मी शक्य तिथे यूपीआयच वापरते, माझ्या फोनवर, माझ्या कानात इअरफोन घालून.

(संयोजकांकडून चिठ्ठी.) दहा मिनिटं? बरं. मग कायदा, बाजार, मराठी पटापट घेते. रागावू नका.

कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. त्यात कलम 42 माहिती आणि इलेक्ट्रॉनिक साधनांबद्दल आहे. ही साधनं दिव्यांगांना वापरता यावीत यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 17802 हे मानक आहे, तुमच्या ग्रंथालयात मागवा. अडचण अशी होती की नियम शिफारशीसारखे वापरले गेले. 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की हे चालणार नाही, सक्तीचे नियम करा. नंतर 30 एप्रिल 2025 चा निकाल. बँका मोबाइलवर केवायसी करताना, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवताना, म्हणतात, कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकवा. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्याच गेल्या त्यांनी काय मिचकवायचं? प्रज्ञा प्रसून आणि त्यांच्यासारख्या स्त्रिया न्यायालयात गेल्या, अमर जैन हे अंध वकीलही गेले. न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसीसाठी वीस निर्देश दिले. तो निकाल मुळातून वाचा.

बाजार. कंपन्या म्हणतात गिऱ्हाईक थोडं. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदले गेले, आणि तेव्हा कायद्यात अपंगत्वाचे प्रकार कमी होते, 2016 च्या कायद्यात ते 21 आहेत. शिवाय वयामुळे नजर किंवा हात कमजोर झालेली, पण दिव्यांग म्हणून न नोंदलेली माणसं यात नाहीत. मायक्रोसॉफ्टनं 2018 मध्ये हात नीट न चालणाऱ्या खेळाडूंसाठी एक्सबॉक्सचा कंट्रोलर काढला. दोन मोठी बटणं, आणि मागे 19 जॅक, ज्याला जो स्विच जमेल तो लावा, पायाचा किंवा तोंडाचा. त्याचं खोकंसुद्धा हात न चालणाऱ्याला उघडता येईल असं केलं. कर्णबधिरांसाठी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब 2019 मध्ये आलं, बोललेलं लिहून दाखवतं, मराठीही. आणि कंपनी करत नसेल तेव्हा आमच्यातल्याच लोकांनी केलं. मायकेल करन आणि जेमी तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांचं एनव्हीडीए. 2006 मध्ये सुरू केलं, फुकट वाटलं. त्याआधी संगणक वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ऑफिसला परवडायचं, घरी नाही. मी निवृत्तीनंतर ज्या मुलांना शिकवते ती जवळजवळ सगळी एनव्हीडीएवर शिकतात.

मराठी. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं आणि आता वेळ नाही, पण ऐका. पडद्यावर जे मराठी दिसतं ते आत मराठी असेलच असं नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्या आधीचे जे फॉन्ट आहेत त्यात आत रोमन अक्षरं असतात, वर फक्त मराठी चेहरा. तुम्ही ‘अर्ज’ वाचता, माझा स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि कंस वाचतो. मासिकांचे जुने अंक, पाठ्यसाहित्य, कितीतरी कार्यालयांची परिपत्रकं अशा फॉन्टमध्ये अडकली आहेत. दुसरा प्रकार, कागद स्कॅन करून त्याची पीडीएफ. ते माझ्यासाठी कोरं पान. आवाज आता चांगले आले, टॉकबॅक मराठी बोलतं, एनव्हीडीएतला ईस्पीक मराठी बोलतो. पण बोलायला मजकूर तर हवा. तुमच्यातल्या दोघातिघांनी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारा, जोडाक्षरं न मोडणारा चांगला परिवर्तक अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून घेतला, तर तपासून द्यायला मी आणि माझे विद्यार्थी तयार आहोत. सर, हे मी सगळ्यांसमोर बोलतेय, विभागानं लिहून घ्यावं.

एक काम आत्ताच करा. फोन बाहेर काढा. बहुतेक अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरा, टॉकबॅक चालू होईल. नसेल होत तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. आता पडदा खाली वळवा आणि तुम्ही स्वतः बनवलेलं ॲप उघडून एक काम पुरतं करा. अडकलात तर तीच दोन बटणं परत, बंद होईल. किती ‘अनलेबल्ड’ ऐकू येतात ते मोजा, मी थांबते.

प्रश्न तोवर घेऊ. मागच्या रांगेतून कोणीतरी बोलत होतं, कोण ते?