साबण, लिफ्ट आणि एक खार

काळा झगा, पांढराफटक चेहरा, मधे बुद्धिबळाचा पट. मृत्यूशी डाव मांडून बसलेला सरदार. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन म्हटलं की आधी हेच आठवतं. त्याचा सिनेमा बघून बाहेर पडलेल्या माणसाला लगेच चहाचं विचारायचीही चोरी!

आता हे बघा. एक राजकन्या, एक डुकरं राखणारा पोरगा आणि एक साबणाची वडी. वडी हवी? मग शंभर पापे मोजायचे! ही जाहिरात आहे, आणि दिग्दर्शक तोच. १९५१ साली करमणूक कराविरुद्ध स्वीडनच्या निर्मात्यांनी चित्रीकरणं बंद ठेवली. बर्गमनला पोराबाळांची पोटं भरायची होती. त्याने ‘ब्रिस’ साबणाच्या ९ जाहिराती केल्या. राजकन्या झालेली ही पोरसवदा मुलगी म्हणजे बिबी आंदेरसन. तिला लक्षात ठेवा.

पुढच्याच वर्षी त्याने एका चित्रपटात नटूनथटून निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं लिफ्टमध्ये अडकवलं. पहिल्या खेळाला बर्गमनची स्वारी बाहेर लॉबीत येरझाऱ्या घालतेय, आणि आतून हशा! आपण केलेल्या गोष्टीवर लोक हसतायत, हे त्याला खरंच वाटेना.

मग १९५५चा ‘स्माइल्स ऑफ अ समर नाइट’. तेव्हा त्याचं पोट बिघडलेलं, मन त्याहून. स्टुडिओने चित्रपट परस्पर फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला धाडला होता. एके सकाळी संडासात बसून पेपर चाळताना बर्गमनला कळलं, की कानमध्ये एक स्वीडिश चित्रपट गाजतोय. कोणता? त्याचाच! बक्षीसही कसलं, तर ‘काव्यमय विनोदा’चं. त्याने बिबीकडून उसने पैसे घेतले, विमानाने कान गाठलं आणि स्टुडिओच्या साहेबांपुढे आधी नाकारलेली संहिता ठेवली. आता नाही तर कधीच नाही, म्हणाला. ती होती ‘द सेव्हन्थ सील’. मृत्यूच्या पटाचा खर्च असा हशाच्या खात्यातून निघाला.

आणि त्या चित्रपटातही एक हशाचा प्रसंग आहेच. लोहाराची बायको पळवलेला, मग मेल्याचं सोंग करून सुटलेला एक नट रात्री झाडावर चढून बसलाय. खाली खर्रर्र खर्रर्र. वाकून बघतो तर मृत्यू करवत घेऊन बुंधा कापतोय, रोजंदारीवरच्या गड्यासारखा. नट म्हणतो, माझा प्रयोग आहे. तो रद्द. करार? तोही रद्द. नटांना काही सवलत? नाही.

झाड कोसळतं. ताज्या खुंटावर टुणकन एक खार येऊन बसते.