टाके निघाल्यानंतर

डोक्याचे टाके निघाले. मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट चांगला आला. भेटायला येणारे म्हणतात, "आजारी होतास असं वाटतसुद्धा नाही!" घरातली माणसं यावर काही बोलत नाहीत. आदल्या रात्री हातातून चमचा पडला, एवढ्यावरून हाच माणूस ताट ढकलून उठून गेला होता.

मेंदूला मार बसला किंवा ऑपरेशन झालं, की सगळ्यांचं लक्ष हातापायांकडे आणि बोलण्याकडे असतं. साहजिकच आहे. पण राग आवरणं, धीर धरणं, तोंडाशी आलेला शब्द गिळणं, हीसुद्धा मेंदूचीच कामं. त्यातला बराच भार कपाळामागच्या भागावर, फ्रंटल लोबवर असतो. डोकं जोरात आपटलं की कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासून बऱ्याचदा हाच भाग दुखावतो. मार डोक्याच्या मागच्या बाजूला बसला असला, तरीही.

13 सप्टेंबर 1848. अमेरिकेतलं व्हरमाँट. रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू अवेळी पेटली आणि ती ठासायची सहा किलोंची पहार 25 वर्षांच्या फिनिअस गेजच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. गेज वाचला. पण कामावरचा हा भरवशाचा मुकादम शिवराळ आणि हट्टी झाला, कुठल्याच बेतावर टिकेना. 'हा आता गेज राहिला नाही', असं मित्र म्हणत, अशी नोंद त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी केली आहे.

गोष्ट बहुतेक वेळा इथंच संपवतात. खरं तर ऐकण्यासारखं पुढेच आहे. काही वर्षांनी गेज चिलीत गेला आणि तिथं बरीच वर्षं प्रवासी घोडागाडी हाकत राहिला. ठरलेल्या वेळी निघायचं, घोडे सांभाळायचे, उतारूंशी नीट वागायचं, रोज तोच रस्ता. या चाकोरीनंच त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.

आजच्या पुनर्वसनातही दिनक्रमाला असंच महत्त्व आहे. टीव्ही चालू, दोघं एकदम बोलतायत, तेवढ्यात फोन वाजतो आणि पेशंट ओरडतो. घरच्यांना तो तऱ्हेवाईकपणा वाटतो. प्रत्यक्षात इतके आवाज एकदम निवडणं दुखावलेल्या मेंदूला झेपत नाही. टीव्ही बंद करावा, एका वेळी एकानंच बोलावं, आणि पेशंटनं थकून कोसळण्याची वाट न पाहता आधीच आडवं व्हावं. उपाय दिसतो साधा, पण अख्ख्या घराला तो पाळावा लागतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांना चकवते. सुरुवातीला आपल्यात काय बदललंय, हे पेशंटला पुरतं कळतच नाही. पुढे कळू लागतं आणि नेमका तेव्हाच तो खचतो. घरच्यांना वाटतं, तब्येत उलटली. वास्तविक जाणीव परतते आहे. मात्र तिच्याबरोबर आलेल्या दुःखाला उपचार हवेत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डोक्याला मार लागून रुग्णालयात दाखल झालेल्या 559 जणांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिल्या वर्षभरात नैराश्याच्या आजारानं गाठलं होतं. त्यातल्याही निम्म्याहून अधिकांवर त्यासाठी काहीच उपचार झाले नव्हते.

कधी दोष औषधांचाही असतो. सूज उतरवणारी स्टेरॉइड्स झोप उडवतात. फिट्स येऊ नयेत म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी चिडचिड वाढते. गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. कारण नसताना हसू किंवा रडू फुटत असेल, तर तेही सांगावं. त्यावर औषध आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये.

आणि जोडीदार? समोर तोच चेहरा, तोच आवाज, पण संसार भलत्याच माणसाशी, अशी त्याची किंवा तिची अवस्था. समुपदेशकाकडे त्यांनी स्वतःची वेगळी वेळ घ्यावी. पेशंटच्या तपासणीत उरलेल्या पाच मिनिटांत हे बोलून होत नाही.