खांद्यावरचा हात

(दृश्य: तालुक्याच्या गावातलं फोटो-फ्लेक्सचं दुकान. दुपार.)

एसटी स्टँडसमोर अशी दुकानं ओळीनं असतात. बाहेर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, आत एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, लॅमिनेशनचं मशीन. दुपारी एक पोरगा येतो. वर्तमानपत्रात गुंडाळलेला लग्नातला ग्रुप फोटो काउंटरवर ठेवतो.

“दादा, रविवारी आजीचं वर्षश्राद्ध आहे. फक्त आजी ठेवा, बाकीचे काढा.”

बाकीचे काढायला वेळ लागत नाही. काढल्यावर जी कड उरते, तिचं काय करायचं, हा खरा धंदा. कात्रीनं कापल्यासारखी कड राहिली, तर माणूस चिकटवल्यासारखा दिसतो.

(दृश्य: स्कॅनरचा उजेड सरकतो.)

सहा बाय चार इंचाचा फोटो, ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, स्कॅन. पडद्यावर ३६०० बाय २४०० पिक्सेल. ऑपरेटर आजीभोवती लंबगोल काढतो आणि, दुकानातल्या भाषेत, ‘फेदर मारतो’, म्हणजे कड हळूहळू विरेल अशी मऊ करतो. फोटोशॉपमध्ये शिफ्ट आणि एफ ६. छोटी खिडकी उघडते, आकडा मागते.

हा आकडा पिक्सेलचा. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या ८०० पिक्सेलच्या फोटोला ४० भरपूर होतात. या स्कॅनवर तेच ४० जेमतेम जाणवतात. त्यामुळे आकडे पाठ करणाऱ्यांचं इथे फसतं. शिवाय फेदर रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतं, थोडं आत, थोडं बाहेर. नवखा पोरगा अख्खा फोटो सिलेक्ट करून फेदर मारतो आणि कड जशीच्या तशी राहते. बाहेर पसरायला जागाच नसते. आधी सिलेक्शन आत ओढून घ्यायचं, मग आकडा टाकायचा.

(दृश्य: लेयर्सच्या, म्हणजे चित्राच्या एकावर एक थरांच्या, पट्टीखालचं मास्कचं बटण.)

आता तो डिलीट दाबत नाही. मास्क लावतो. मास्क म्हणजे फोटोवर बसवलेलं दुसरं चित्र, बिनरंगाचं. पांढरं असेल तिथे फोटो दिसतो, काळं असेल तिथे लपतो, करड्यात अर्धामुर्धा. नेहमीच्या फाइलीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा, आणि कड विरते ती या छटांच्या जिन्यावरून उतरत. खाली फोटो शाबूत. इरेझरनं कडा घासणारे ऑपरेटर अजूनही आहेत, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की तेही चालून जातं म्हणा. पण फाइल सेव्ह करून बंद केली की घासलेलं परत आणता येत नाही.

(दृश्य: जुन्या स्टुडिओतलं पोर्ट्रेट, खांदे पांढऱ्यात विरलेले.)

थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. त्यात लेयर आले १९९४ मध्ये. ही विरणारी कड मात्र त्याच्या कितीतरी आधीची. डार्करूममध्ये एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) आणि कागद यांच्या मधे लंबगोल भोक पाडलेला पुठ्ठा धरायचा, आणि एक्स्पोजर संपेपर्यंत तो हळूहळू हलवत राहायचा. पुठ्ठा कागदाजवळ आणला की कड कडक, वर उचलला की मऊ. आज खिडकीत जो आकडा टाकतात, तो तेव्हा हाताच्या उंचीत असायचा. आणि हात दर वेळी तितकाच हलेल याची खात्री नाही, म्हणून एका निगेटिव्हच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघणं कठीण.

(दृश्य: पुन्हा पडदा. झूम.)

आजी छान विरली आहे. पदर खाली पांढऱ्यात मिसळलाय. पण उजव्या खांद्यावर चार बोटं राहिलीत. एकात अंगठी.

“हा हात कुणाचा?”

“मावशीचा. शेजारी उभी होती.”

ऑपरेटर काळा ब्रश घेतो. कडक ब्रशनं बोटं गेली असती, पण खांद्याला खाच पडली असती. म्हणून ब्रशची कड मऊ करून तो बाहेरून आत येतो. मनगट जातं. अंगठी जाते. बोटांमागचं लुगडं फोटोत नाहीच, ते शेजारच्या काठावरून क्लोन करून, म्हणजे तिथलाच तुकडा उमटवून, भरावं लागणार.

पोरगा खुर्चीच्या मागे येऊन उभा राहतो. थोडा वेळ काहीच बोलत नाही.

“दादा, ते परत येईल का?”

ऑपरेटर एक्स दाबतो. काळा रंग पांढरा होतो. ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, ३० टक्क्यांवर आणून तो त्याच जागेवरून एकदा फिरवतो. बोटं येतात, पुसट. अंगठी नीट दिसत नाही.

“अजून?”

“बास. एवढंच राहू द्या.”

प्रिंटसाठी जेपीजी निघते. पांढऱ्या कागदावरच छापायचंय, तेव्हा पारदर्शक पीएनजीची गरज नाही. पैसे देताना पोरगा दारातून मागे वळतो.

“लेयरवाली फाइल ठेवा हां दादा. मावशी उद्या बघायला येणारे.”