चालणं चांगलंच, पण मांड्यांना ओझं हवं

(ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बरेचजण रोज सकाळी चालायला जातात. पावसाळ्यात छत्री घेऊन जातात, थंडीत कानटोपी घालून जातात. हे फार चांगलं आहे. चालण्याने हृदयाचं भलं होतं, रक्तदाब आटोक्यात राहतो, मन प्रसन्न होतं. पण चालून आल्यावर आपण म्हणतो, "झाला आजचा व्यायाम." साठीनंतर तो अर्धाच झालेला असतो. उरलेला अर्धा राहिल्यामुळेच माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं पडून, हाड मोडून येतात. हे पडणं वयाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायला मी तयार नाही. म्हणून आज आधी स्नायू आतून कसा चालतो ते बघू, मग काय करायचं ते बोलू.

शरीरात स्नायू तीन जातींचे असतात. हृदयाचा स्नायू वेगळा. आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय यांच्या भिंतींतला स्नायू वेगळा. हे दोन्ही आपल्या हुकमाची वाट पाहत नाहीत. आज मी बोलणार आहे तिसऱ्या जातीबद्दल, हाडांना धरून असलेल्या स्नायूंबद्दल. ते सहाशेहून अधिक आहेत. तरुण पुरुषाच्या वजनात त्यांचा वाटा सुमारे ४० टक्के, स्त्रियांत त्याहून थोडा कमी.

यातला प्रत्येक स्नायू फक्त ओढू शकतो. ढकलणं त्याला येत नाही. हात कोपरात वाकवला की दंडावर बेटकुळी उठते. हात सरळ करायचा तर दंडामागचा दुसरा स्नायू ओढतो. म्हणून स्नायू बहुतेक जोडीने काम करतात, आणि जोडीतला एक दुबळा झाला की सांध्याचा तोल बिघडतो. गुडघेदुखीच्या अनेक रुग्णांत मांडीचा पुढचा स्नायू आधी सुकलेला दिसतो.

हे ओढणं घडतं कसं? स्नायू म्हणजे हजारो तंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतूच्या आत दोन प्रकारचे धागे असतात, मायोसिनचे जाड आणि ॲक्टिनचे बारीक. आखडताना हे धागे स्वतःच गुंडाळून आखूड होत असावेत, असं पूर्वी अनेक शास्त्रज्ञ मानत. १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी-शेजारी छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं, पण दोघांनी सांगितलं एकच: धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. रस्सीखेचीत गडी दोर धरतो, ओढतो, हात सोडून पुढे पकड घेतो, पुन्हा ओढतो. मायोसिनची टोकं ॲक्टिनच्या धाग्यावर हेच करतात, सेकंदात अनेकदा.

यातली एक गोष्ट मला दरवेळी नव्याने चकित करते. पकड सोडायलाही ऊर्जा लागते. मायोसिनचं टोक ॲक्टिनपासून सुटतं ते ऊर्जा पुरवणारा एटीपी नावाचा रेणू येऊन त्याला लागतो तेव्हाच. मृत्यूनंतर काही तासांनी देह ताठरतो, कारण एटीपी संपलेलं असतं आणि पकडी सोडवायला काही उरलेलं नसतं. म्हणजे सैल पडणंसुद्धा जिवंत शरीराला कमवावं लागतं. एटीपीचा साठा जेमतेम काही सेकंद पुरतो. स्नायूतलाच क्रिएटिन फॉस्फेट हा दुसरा साठा तो आणखी थोडा वेळ भरून काढतो. त्यानंतर स्नायूत साठवलेली साखर, रक्तातली साखर आणि चरबी यांच्यावर गाडी चालते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. स्नायूतले सगळे तंतू एकसारखे नसतात. काही संथ असतात, फार जोर लावत नाहीत, पण तासन्‌तास थकत नाहीत. काही जलद असतात, झटक्यात मोठा जोर लावतात आणि लवकर दमतात. मज्जारज्जूतून निघालेली एक चेतापेशी तंतूंच्या एका गटाला हुकूम देते. डोळ्याच्या स्नायूत हा गट मोजक्या तंतूंचा, पोटरीत हजाराच्या वर. हे गट कामाला कोणत्या क्रमाने लागतात, हे शास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आधी लहान, संथ गट उठतात. जोर वाढवावा लागला तर त्याहून मोठे. सगळ्यात मोठे, जलद तंतूंचे गट भरपूर जोर लावल्याशिवाय हलतच नाहीत.

सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना संथ तंतूंवर भागतं. जलद तंतूंना बोलावणंच जात नाही. आणि वयाबरोबर जास्त झिजतात ते नेमके जलद तंतू. मज्जारज्जूतल्या त्यांच्या काही चेतापेशी मरतात. पोरके झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारच्या संथ गटाची चेतापेशी आपल्यात घेते, उरलेले वाळून जातात. म्हणून रोज तासभर चालणाऱ्या गृहस्थांनाही जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. आणि न्हाणीघरात पाय सरकला, की पडण्याआधी स्वतःला सावरायला लागणारा तो झटका कोणाच्या हातात असतो? याच जलद तंतूंच्या. पाऊल वेळेत पुढे पडलं तर माणूस वाचतो, नाही पडलं तर खुबा मोडतो.

या झिजेला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव दिलं. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचं वस्तुमान साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होतं, साठीनंतर आणखी वेगाने. ताकद त्याहूनही लवकर घटते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूच्या जागी चरबी येते आणि आकडा तोच राहतो. "माझं वजन वीस वर्षांत बदललं नाही," असं कोणी अभिमानाने सांगितलं, की मी आधी त्यांच्या पोटऱ्या बघते. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पोटरीचा घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असेल, तर पुढे तपासणी करावी. घरातला शिलाईचा टेप घेऊन हे कोणालाही मोजता येतं.

स्नायू झिजले की नुकसान फक्त पडण्याचं नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे हे स्नायू. शिवाय आखडणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर आत घेतो. मधुमेह घरोघरी पोचलेल्या आपल्या समाजात ही केवढी सोय आहे!

आता आजारपणाबद्दल. आपल्याकडे "पडून राहा, आराम कर" हे सांगण्यात माया असते. पण एका अभ्यासात निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. दहाच दिवसांत! म्हणून रुग्णालयातून घरी आलेल्या आजोबांना पाण्याचा पेला हातात देण्याआधी विचारा: डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली आहे ना? मग पेला टेबलावर ठेवा आणि त्यांना तिथवर चालू द्या. सोबत राहा, पण उठू द्या.

चांगली बातमी अशी की स्नायू म्हातारपणीही ऐकतो. १९९० साली मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या दहा रहिवाशांना मांड्यांचे वजनी व्यायाम दिले. वय ८६ ते ९६. आठ आठवडे, हळूहळू ओझं वाढवत. नऊ जणांनी ते पूर्ण केले. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटींच्याही वर. दोघांची काठी सुटली. मग चार आठवडे व्यायाम बंद ठेवला, तर त्यांची कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली. नव्वदीतलं शरीर इतक्या लवकर मिळवतं आणि तितक्याच लवकर गमावतं. सुरुवातीची वाढ बरीचशी चेतासंस्थेमुळे होते, झोपलेल्या गटांना हाका जायला लागतात. तंतू जाड व्हायला आणखी काही आठवडे लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही हेच सांगतात. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि त्यासोबत किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पुढची दोन कोणी वाचत नाही.

महाराष्ट्राला हे कोणी शिकवायला नको होतं. आपल्या तालमींत जोर आणि बैठका होत्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार नेले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, आणि कुस्ती म्हणजे बैठका आल्याच. बायकांचं जात्यावर दळणं, आडाचं पाणी ओढणं, उकिडवं बसून भांडी घासणं ही ओझ्याचीच कामं होती. त्या कष्टांचा मी गौरव करणार नाही, त्यांत कित्येकींच्या कमरा गेल्या. पण ते ओझं गेलं तेव्हा त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही, हे खरं. तालमीत जायची मुभा तर बायकांना फारशी नव्हतीच, म्हणून आज मी समोर बसलेल्या बहिणींशी जास्त बोलते आहे.

तर काय करायचं? जिमची सक्ती नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, म्हणजे खुर्चीची बैठक. बसताना सावकाश, तीन अंक मोजत. भिंतीला हात लावून जोर. ओट्याला धरून टाचा उचलणं. दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊन वर उचलणं. शेवटच्या दोन-तीन वेळा "आता पुरे" वाटलं पाहिजे. सहज होत असेल तर जलद तंतू अजून झोपलेलेच आहेत, तेव्हा ओझं वाढवा. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. छातीत दुखत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, अंग आंबेल. हे लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे होतं असं अजून सांगितलं जातं. ते बरोबर नाही, ते तासाभरात निघून जातं. ही दुखण्याची कळ तंतूंना झालेल्या बारीक इजेची आणि तिच्या दुरुस्तीची असते, दोन-चार दिवसांत जाते. सांध्यात टोचून दुखलं किंवा सूज आली तर मात्र थांबा.

दुरुस्तीला माल लागतो, तो म्हणजे प्रथिनं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रौढांसाठीची शिफारस शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम लागतात असं अनेक तज्ज्ञांचं मत आहे, आणि मलाही ते पटतं. साठ किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. आता आपलं ताट बघा. दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, भात. रात्री "भूक नाही" म्हणून दूधभात. यात एवढं भरत नाही. अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. वरण घट्ट करा, मोड आलेली मटकी आणि हरभरे वाढवा, मासे खाणाऱ्यांनी मासे खावेत. उपवासाच्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. तेव्हा कूट सढळ हाताने घाला, किंवा राजगिरा घ्या. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

बोलणं पुष्कळ झालं, आता करून बघू. मघाशी सांगितलेल्या आशियाई निकषांतच एक चाचणी आहे: हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून सलग पाच वेळा उठायचं आणि बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर मांड्यांकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे. ज्यांचे गुडघे फार दुखतात त्यांनी आज बसून राहावं, त्यांच्याशी मी नंतर वेगळं बोलते. बाकीच्यांनी दोघा-दोघांच्या जोड्या करा. एकाने उठायचं, दुसऱ्याने शेजारी उभं राहून लक्ष ठेवायचं. खुर्च्या भिंतीला टेकवून घ्या, चपला काढून ठेवा. वेळ मी मोजते.