जुन्या घरातली तिसरी पिन नेमकी कुठे जोडलेली असते?

नमस्कार. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत एक सूचना वर्षानुवर्षे दिली जाते, ती म्हणजे फ्रीज उघडायचा असेल तर पायात चपला घालाव्यात. गिझर चालू असताना नळाला हात लावू नये आणि ओल्या हाताने वॉशिंग मशीनला स्पर्श करू नये, हेही त्या घरांतल्या लहान मुलांना तोंडपाठ असते. त्यामुळे शॉक लागणे ही दुरुस्त करून घेण्याची गोष्ट न राहता सांभाळून राहण्याची गोष्ट होऊन बसते. हे अत्यंत धोकादायक आहे, आणि त्यामागचे कारण आज आपण सविस्तर पाहणार आहोत.

[उघडलेला जुना बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरून]

हा बोर्ड १९७० च्या सुमारास बांधलेल्या एका इमारतीतल्या घरातून काढलेला आहे. पेटी लाकडी आहे, बटणे काळ्या बॅकेलाइटची आहेत आणि त्यांच्या शेजारी नंतर कधीतरी बसवलेले पांढरे थ्री-पिन सॉकेट आहे. समोरून पाहिले तर तीन छिद्रे दिसतात आणि सगळे व्यवस्थित आहे असेच वाटते. आता मागची बाजू पाहा. फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, स्क्रूला वायर आहे, न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या, स्क्रूला वायर आहे, पण वरच्या मोठ्या छिद्रामागचा पितळी स्क्रू अजूनही नव्यासारखा चकचकीत आहे, कारण त्याखाली कधी वायर कसलीच गेली नाही.

यात घर बांधणाऱ्याचा दोष शोधण्यात अर्थ नाही. त्या काळी घरात चार दिवे, दोन पंखे आणि एखादा रेडिओ असे, आणि त्यासाठी लाकडी पट्टीतून किंवा पत्र्याच्या क्लिपांनी भिंतीवर ठोकलेल्या दोनच वायरी खोलीखोलीत नेल्या जात. पुढे फ्रीज आला, मिक्सर आला, गिझर आणि एसी आले. प्रत्येक वेळी सॉकेट बदलले गेले, मात्र भिंतीतली वायर तीच राहिली.

या तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या, वायरीचे काम असे असते की, उपकरणाच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला टेकली, तर वीज माणसाच्या शरीरातून न जाता त्या वायरीतून जमिनीकडे जावी आणि पुरवठा तात्काळ तुटावा. प्लगची अर्थची पिन लांब ठेवलेली असते ती यासाठीच, कारण प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी अशी ती योजना आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. नवे कोरे वॉशिंग मशीन घेतले तरी बॉडीला हात लावताच झिणझिण्या येतात, कंपनीचा माणूस येऊन तपासतो आणि मशीन ठीक असल्याचे सांगतो, असा अनुभव अनेकांना येतो. तो माणूस बहुधा खरेच सांगत असतो. आजच्या अनेक उपकरणांत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फिल्टर असतो, आणि त्यातला अत्यंत सूक्ष्म प्रवाह अर्थच्या वायरीतून निघून जाईल असे गृहीत धरलेले असते. ती वायरच नसेल तर बॉडीवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा विद्युतदाब (व्होल्टेज) उभा राहतो. त्या झिणझिण्या सहसा जीवघेण्या नसतात. पण आपल्या घरात अर्थिंग नाही हे त्या स्पष्टपणे सांगत असतात, आणि उद्या खरोखरच फेज बॉडीला टेकला तर तोच स्पर्श प्राणघातक ठरू शकतो.

अशा तक्रारीवर काही वायरमन जे उपाय करतात, ते मुळातल्या दोषापेक्षा घातक आहेत. पहिला म्हणजे सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या स्क्रूवरून एक तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून देणे. झिणझिण्या लगेच थांबतात, घरमालक समाधानी होतो आणि पाच मिनिटांत काम आटोपते. मात्र पुढे कधी मीटरपेटीतला न्यूट्रल सैल होऊन सुटला, तर चालू उपकरणांतून परत येणारी वीज त्या तुकड्यावाटे थेट फ्रीजच्या बॉडीवर येते, आणि फ्रीजमध्ये कोणताही बिघाड नसताना त्याचे दार २३० व्होल्टवर जाते. जुन्या मीटरपेट्यांमध्ये न्यूट्रल सुटणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे. दुसरा उपाय म्हणजे अर्थची वायर पाण्याच्या लोखंडी नळाला बांधणे. नळजोडणीत मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा पाइप बसवला गेला की ती वाट तुटते, आणि एका घरातला दोष त्याच पाइपवरच्या शेजाऱ्याच्या मोरीत जाऊन पोहोचतो.

मग जमिनीत खड्डा खणून, त्यात धातूची पट्टी पुरून आणि अर्थची वायर तिला जोडून अर्थिंग केले की प्रश्न मिटला का? येथे थोडे गणित करावे लागेल. समजा खड्ड्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १० ओहम आहे. २३० व्होल्टला १० ने भागले तर प्रवाह जास्तीत जास्त २३ अँपिअर येतो. पॉवर सॉकेटसाठी १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह वाहिला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच, असतो, आणि मानकानुसार त्याने १.४५ पट, म्हणजे २३.२ अँपिअर प्रवाहाला एका तासाच्या आत पडणे अपेक्षित असते. याचा अर्थ असा की २३ अँपिअर जमिनीत वाहत असताना तो तासभर पडला नाही तरी त्याला सदोष म्हणता येणार नाही, आणि तेवढा वेळ गिझरची बॉडी जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर राहील.

म्हणूनच अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवा. हे यंत्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते, आणि त्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. फरक त्याच्या पाचपट असेल तर ०.०४ सेकंदात. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला तर शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर वाहतील. जीव जाण्यास हे पुरेसे आहे, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थिंग नसेल तर केवळ आरसीसीबी लावून भागेल, असे काही जण सांगतात. न लावण्यापेक्षा ते निश्चितच बरे. परंतु तेव्हा बिघाड झाला तरी वीज जाण्यास वाट नसते, आणि पहिली वाट आपला हातच ठरतो. अर्थिंग असेल तर फेज बॉडीला टेकताक्षणीच, कोणी हात लावण्यापूर्वी, आरसीसीबी पडतो. त्यामुळे या दोन्ही गोष्टी हव्यातच, असे माझे ठाम मत आहे.

आता भिंतीतल्या वायरीकडे येऊ. जुन्या घरांत अजूनही कापडी वेष्टणाची रबरी वायर सापडते. ते रबर वाळून इतके ठिसूळ झालेले असते की नवे बटण बसवताना वायर जरा वाकवली तरी त्याचा चुरा हातात येतो. त्यानंतरच्या काळातल्या घरांत ॲल्युमिनियमची वायर असते. ती स्क्रूखाली हळूहळू सैल होते, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड तापू लागतो. सॉकेटचा पांढरा रंग पिवळसर तपकिरी होणे किंवा जळका वास येणे ही त्याची लक्षणे आहेत. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये योग्य फ्यूज वायरीऐवजी तांब्याचे चार तंतू पिळून बसवलेले असतील, तर ती जुनी वायर पेट घेईपर्यंत फ्यूज उडत नाही.

'आता इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, मग खर्च कशाला?' हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये हमखास ऐकू येतो. रिडेव्हलपमेंटची बोलणी दहा-दहा वर्षे रेंगाळतात, आणि त्या सगळ्या काळात माणसे त्याच घरात आंघोळ करत असतात. सगळे वायरिंग एकदम बदलणे परवडत नसेल, तर गिझर, वॉशिंग मशीन, फ्रीज आणि एसी यांच्यासाठी मेनबोर्डपासून तीन वायरींच्या स्वतंत्र लाइन टाकून घ्याव्यात आणि मेनला आरसीसीबी बसवावा. वरच्या मजल्यावरच्या घरांसाठी खालच्या खड्ड्यापासून अर्थची पट्टी वर आणावी लागते. तो विषय सोसायटीच्या सभेतच मांडावा लागेल. मीटरच्या पुढच्या वायरिंगची जबाबदारी वीज कंपनीची नसून ग्राहकाची असते, हेही तेथे सांगावे.

हे काम स्वतः करू नये. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि तीन आकडे त्याच्याकडून लेखी मागावेत. पहिला अर्थच्या खड्ड्याचा रोध, दुसरा ५०० व्होल्टच्या मेगर नावाच्या मापकाने घेतलेले इन्सुलेशनचे, म्हणजे वायरीवरच्या वेष्टणाचे, माप, जे किमान १ मेगाओहम असावे, आणि तिसरा आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला तो. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून पाहणे आवश्यकच आहे, पण त्यातून केवळ ते यंत्र चालते एवढेच कळते. अर्थिंग मुळीच नसले तरी त्या बटणाने ते पडते. त्यामुळे अर्थिंगचे माप वेगळेच घ्यावे लागते, आणि ते एप्रिल-मेमध्ये घ्यावे, कारण पावसाळ्यात ओल्या जमिनीत मिळालेला चांगला आकडा माती सुकल्यावर टिकत नाही.